लेकीचं न्हाणीघर : सामाईक की खोलीला जोडून?



कॉलेजांच्या प्रवेशाच्या याद्या लागू लागल्या, की माझ्या टपालात दोन प्रकारची पत्रं हमखास असतात. एक, लोणच्याला बुरशी का आली. आणि दुसरं, बारावी झालेल्या लेकीला परगावी ठेवायचं तर कुठं ठेवावं. लोणच्याबद्दल पूर्वी सविस्तर लिहून झालं आहे. (बरणी ओली राहिली होती, दुसरं काही नाही!) आज लेकीकडे वळू या.

निमित्त आहे डोंबिवली पूर्वेहून आलेलं एका भगिनीचं पत्र. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र चांगलं चार पानी आहे, त्यातला गाभा तेवढा देते.

“ताई, विषय वाचून तुम्ही हसाल, पण आमच्या घरात गेले आठ दिवस बाथरूमवरून अबोला आहे. लेकीला पुण्यात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळते आहे, पण तिथं मजल्याच्या टोकाला सामाईक न्हाणीघरं आणि संडास. जवळच एक खासगी हॉस्टेल आहे. तिथं तिघींत एक खोली आणि खोलीला जोडून बाथरूम. फरक महिन्याला साडेतीन हजारांचा. हे म्हणतात, ‘आम्ही चाळीत कॉमन संडासावर वाढलो, आम्हाला काही झालं का?’ मी लग्न होऊन आले ती परळच्या चाळीतच. डोंबिवलीला ब्लॉक घेतला तेव्हा दोन बांगड्या मोडल्या, त्या केवळ घरात संडास हवा म्हणून. उरलेल्या दोन आता लेकीसाठी मोडायची माझी तयारी आहे. लेक म्हणते, ‘आई, मला कॉमन चालेल.’ तिला खरंच चालेल की माझ्या बांगड्यांकडे बघून ती म्हणते आहे, हे कळत नाही. पोर तशी सोशिक आहे. सकाळी पावणेसातला बाहेर पडते ती तीनला घरी येते, पण बाहेरचा संडास म्हणून वापरत नाही. पाणीच पीत नाही. अगदी माझ्यावर गेली आहे.”

ह्या पत्रातली शेवटची तीन-चार वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. लिहिणारीनं ती कौतुकानं लिहिली आहेत. मला मात्र सगळ्या पत्रात काळजीची जागा वाटली ती तीच. पण तिथं थोड्या वेळानं येऊ. आधी बांगड्या.

बांगड्यांना हसू नका हं! गिरगाव, दादर, परळच्या चाळी सोडून माणसं ठाण्याला, डोंबिवलीला, कल्याणला राहायला आली, ती काही लोकलच्या गर्दीत चिरडून घ्यायची हौस होती म्हणून नव्हे. ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’ ह्या दोन शब्दांसाठी आली. स्वयंपाकघरात मोरी आणि घरातल्या घरात संडास! वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सगळ्यांचे मिळून. तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या त्या १४ ऑगस्ट २०२५ ला. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं आणि तीन-चार पिढ्या. तेव्हा घरात संडास असणं ही आपल्याकडे चैन नव्हती, ती कमाई होती. आणि जिनं ती कमावली तिला लेकीला पुन्हा डबा घेऊन गॅलरीच्या टोकाला पाठवताना कसंसं होणारच.

आणि आमच्या ‘ह्यां’च्या ‘काही झालं का’ ह्या प्रश्नाचं काय? भाऊसाहेब, तुम्हाला काही झालं नाही हे खरं आहे. तुम्ही आठ वाजता पेपर घेऊन रांगेत उभे राहत होता, गप्पा मारत होता. घरातल्या बायका मात्र पहाटे चारला उठून, कोणी बघायच्या आत उरकून येत होत्या. रात्री गॅलरीतला दिवा गेला असला की सकाळपर्यंत तशाच पडून राहत होत्या. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, म्हणून ‘काही झालं नाही’.

तेव्हा बाईंची ओढ मला मनापासून कळते. तरीसुद्धा बांगड्या मोडण्याआधी जरा हिशेब मांडू. महिन्याला साडेतीन हजार, वर्षाचे दहा महिने धरले तर पस्तीस हजार. इंजिनीअरिंगची चार वर्षं म्हणजे एक लाख चाळीस हजार. एवढ्या पैशात लेकीला काय मिळतं? तिघींत मिळून एक न्हाणीघर, आणि तेसुद्धा ती खोलीवर असेल तेवढाच वेळ. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी पाच ती कॉलेजात असणार. प्रयोगशाळा, वर्कशॉप, लायब्ररी. तिथं खोलीला जोडून काही नाही. तिथं सामाईकच! जी मुलगी आज घराबाहेर आठ तास लघवीला जात नाही, ती पुण्यातही आठ तास जाणार नाही, मग तिच्या खोलीत संगमरवरी न्हाणीघर का असेना.

म्हणून म्हणते, प्रश्न आधी बाथरूमचा नाही, सवयीचा आहे. आणि ही सवय एकट्या ह्या मुलीची नाही. कल्याण ते मुंबई साधारण ५४ किलोमीटर. लोकलला संडास नाही. कसारा-कर्जतहून येणाऱ्यांचे तर दोन-दोन तास गाडीतच जातात. मग बाईनं काय करावं? घरून निघताना अर्धाच कप चहा घ्यावा, आणि ऑफिसातही बेतानं पाणी प्यावं. आपण हे इतकं अंगवळणी पाडलं आहे की त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. मुंबईत २०११ साली काही संस्थांनी एकत्र येऊन ‘राईट टू पी’ नावाची मोहीम सुरू केली, तेव्हा नाव ऐकूनच पुष्कळांनी नाकं मुरडली होती. पण बायकांसाठी स्वच्छ, फुकट मुतारी का नसावी, हा तिचा साधा प्रश्न होता आणि तो अजून संपलेला नाही.

आता थोडं वैद्यकीय, पण सोप्या भाषेत. “कॉमन संडासातून इन्फेक्शन होतं” असं आपण सर्रास म्हणतो. लघवीचा जंतुसंसर्ग बहुधा संडासाच्या सीटवरून येत नाही. जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम दीड इंच लांब, म्हणून त्यांना वर चढायला वाट जवळची. भरपूर पाणी प्यायलं आणि वेळच्या वेळी लघवी झाली की ते धुऊन निघतात. पाणी कमी प्यायलं आणि तासन् तास रोखून धरलं की त्यांना मुक्काम करायला निवांत जागा मिळते. म्हणजे गंमत बघा, घाण संडासाच्या भीतीनं मुलगी जे करते त्यानंच ती आजारी पडते, आणि दोष मात्र संडासाला!

लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं ही लक्षणं दिसली तर लघवी तपासून घ्यावी. थंडी वाजून ताप आला किंवा पाठीत-कुशीत दुखू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मैत्रिणीच्या ड्रॉवरमधल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. दर तीन-चार तासांनी जायचंच, आणि सीटवर नीट बसायचं. अधांतरी, अर्धवट वाकून उभं राहिलं तर मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. सीट ओली असेल तर पुसून घ्यावी, नाहीतर सरळ भारतीय पद्धतीचा संडास गाठावा. सामाईक न्हाणीघरातून खरोखर लागतं ते वेगळंच. ओल्या फरशीवर अनवाणी चालून पायाच्या बोटांत चिखल्या होतात, आणि दुसरीचा टॉवेल वापरून गजकर्ण. त्यावर उपाय म्हणजे रबरी सपाता आणि स्वतःचा टॉवेल. दोन्हींचा खर्च बांगडीइतका नाही.

आता ‘खोलीला जोडून’ ह्या शब्दांची खरी ओळख करून देते. अनुभवाचे बोल आहेत.

मी कल्याणला राहते. मुलगा नोकरीसाठी बाहेर गेला आणि मागची खोली रिकामी पडली. म्हणून सात-आठ वर्षं मी कॉलेजच्या मुली पेइंग गेस्ट म्हणून ठेवत होते. मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या मुली. रोजची ये-जा झेपत नाही म्हणून राहायच्या. एका वेळी तिघी. खोलीला जोडून न्हाणीघर-संडास आहे हे मी येणाऱ्या प्रत्येक आईला ऐटीत सांगायची. आयाही खूश व्हायच्या.

पहिल्या वर्षीच कळलं, की जे तिघींचं असतं ते कोणाचंच नसतं. जाळीत केस अडकले, ते कोणी काढायचे? ज्यांचे केस लांब त्यांनी, असं आखूड केसांची म्हणणार. लांब केसांच्या दोघी एकमेकींकडे बघणार. फिनेल संपलं की आठ दिवस नसायचं. कॉमन न्हाणीघर निदान रोज एक बाई येऊन धुऊन जाते. जोडून असलेलं न्हाणीघर पेइंग गेस्टमध्ये बहुतेक ठिकाणी मुलींनीच धुवायचं असतं. हे कोणी आधी विचारत नाही. मी शेवटी कॅलेंडरवर नावं लिहून पाळ्या लावल्या, तेव्हा कुठं भांडणं थांबली.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा समजली. शहापूरकडची एक मुलगी रात्री साडेदहाच्या सुमाराला पुढच्या खोलीत यायची. “काकू, तुमचं बाथरूम वापरू?” मला वाटायचं, मागचं तुंबलं असेल. दोनदा प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, सगळं ठीक आहे. मग एकदा ती हळूच म्हणाली, “काकू, दार इतकं पातळ आहे, आणि दोन हातांवर त्या दोघी अभ्यास करत बसलेल्या असतात. मला होतच नाही.” बघा! घरात आपल्या माणसांत वाढलेल्या मुलीला ही लाज मोठी असते. मजल्याच्या टोकाच्या संडासात आत कोण आहे हे निदान बाहेर कळत नाही. ‘जोडून’ म्हणजे खासगी असं आपण धरून चालतो, पण तिघींत ते तसं असेलच असं नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी सांगताना मला आजही ओशाळल्यासारखं होतं. त्या न्हाणीघराची कडी तीन महिने निखळलेली होती. मुली आतून दाराला भरलेली बालदी लावून आंघोळ करत होत्या. तिघींपैकी एकीनंही मला सांगितलं नाही. का, तर काकूंना बरं वाटणार नाही! मी बालदी सरकवून दार उघडलं तेव्हा मला कळलं. मुली बोलत नाहीत, मैत्रिणींनो. त्या सोसतात, आणि आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो.

एक धोका मात्र माझ्याकडे नव्हता, तो सांगायलाच हवा. खासगी हॉस्टेलं आणि पेइंग गेस्टच्या खोल्यांत वीजबिल वाचवायला पुष्कळदा न्हाणीघरातच गॅसचा गिझर बसवलेला असतो. जागा चार बाय पाचची, खिडकी म्हणजे वीतभर झरोका, आणि थंडीत तोही मुली बंद करून घेतात. गॅस नीट जळायला हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, चक्कर येते आणि आंघोळ करणारी तिथंच बेशुद्ध पडते. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो. गॅस गिझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. आत असेल तर ती जागा नको. इथं घासाघीस नाही, “बघू, नंतर हलवू” नाही. विजेचा गिझर असेल तर धक्का बसायच्या आत वीज तोडणारा ईएलसीबी स्विच आहे का, ते विचारा. आणि बालदीत बुडवायचा हीटिंग रॉड लेकीच्या सामानात चुकूनही देऊ नका.

आता कॉलेजचं वसतिगृह बघायला जायचं ते कसं? दुपारी चार वाजता नव्हे. चार वाजता सगळी न्हाणीघरं धुतलेली, कोरडी आणि रिकामी असतात. रेक्टरबाईही फुरसतीत असतात. सकाळी साडेसात वाजता जा. पुण्यात कोणी ना कोणी नातलग असतोच, आदल्या रात्री मुक्काम करा. सकाळी वडिलांना वर सोडणार नाहीत, म्हणून आईनंच जावं.

आधी डोकी मोजा. सकाळी साडेसहा ते आठ हा गर्दीचा वेळ, म्हणजे नव्वद मिनिटं. एकीला पंधरा मिनिटं धरली तर एका न्हाणीघरात सहाजणी होतात. मजल्यावर चोवीस मुली आणि चार न्हाणीघरं असतील तर निभेल. चोवीसजणींना दोनच असतील तर निम्म्या मुली आंघोळ न करता किंवा पहाटे पाचला उठून जाणार. ‘चार आहेत’ असं सांगितलं तर चारही उघडून बघा. एकात बहुतेक वेळा झाडू आणि जुन्या गाद्या असतात!

मग गरम पाणी. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर गार पाणी कढत करायला साधारण सोळा मिनिटं घेतो, अर्धा युनिट वीज लागते. वीस लिटरच्या एका बालदीला निम्मं कढत आणि निम्मं गार पाणी लागतं. म्हणजे एक गिझर भरला की दीड बालदी. बाराजणींत असा एक गिझर असेल तर शेवटच्या चौघींना डिसेंबरात गार पाणीच मिळणार, हे आपल्याला कागद-पेन्सिल घेऊन घरबसल्या कळतं. मोठी टाकी किंवा सौर बंब असेल तर चांगलंच. फक्त पावसाळ्यात त्याला जोडीला वीज आहे का, तेवढं विचारा.

पाण्याच्या वेळा विचारा. हे आपल्याला सांगायला नको. बारवी धरणाच्या जलवाहिनीची दुरुस्ती निघाली की शुक्रवारी दिवसभर नळ कोरडे, हे ठाणे, डोंबिवलीच्या बाईला कॅलेंडरातल्या एकादशीसारखं पाठ असतं. नळ बंद असतो त्या दिवशी तिथं काय करतात? टँकर येतो की पिंप भरून ठेवतात? ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावरून वसतिगृहाचा सगळा कारभार कळतो.

प्रत्येक दाराची कडी स्वतः लावून बघा. दाराखालची फट, वरचा झरोका आणि त्याच्यासमोर कुठली गच्ची येते, ते बघा. आत कपडे टांगायला खुंटी आहे का? नसेल तर मुली कोरडे कपडे नळावर ठेवतात आणि ओले घालून बाहेर येतात. रात्री अकराला खोलीपासून संडासापर्यंत दिवा असतो का, वाटेत जिना किंवा उघडी गच्ची लागते का, हे तिथल्याच एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा. रेक्टरबाईंना नको. संडासात झाकणाची कचऱ्याची टोपली आहे का आणि ती रोज रिकामी होते का, हेही विचारा. पॅड कधीही संडासात टाकायचं नाही. कागदात गुंडाळून, वर लाल पेनानं ठिपका काढून टोपलीत टाकायचं, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला उघडून बघावं लागत नाही. तीही कोणाची तरी आई आहे.

छुप्या कॅमेऱ्यांच्या बातम्यांनी आया घाबरतात, ते साहजिक आहे. संशय आला तर गप्प बसायचं नाही, हे लेकीला स्पष्ट सांगा. असं चोरून बघणं किंवा चित्रण करणं हा २०१३ पासून आपल्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम ७७. तक्रारीला ११२ क्रमांक पाठ असू द्यावा.

खासगी हॉस्टेलकडे जाणार असाल तर एक पैशांची गोष्ट. भाड्यावर जीएसटी लावून सांगितला तर कारण विचारा. जून २०२४ च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीनं ठरवल्याप्रमाणे, शिक्षणसंस्थेबाहेरच्या हॉस्टेललाही माणशी महिना वीस हजारांपर्यंत भाडं असेल आणि सलग निदान नव्वद दिवसांचा मुक्काम असेल, तर हा कर माफ आहे. अनामत रक्कम कधी आणि किती परत मिळेल, ते लिहून घ्या. “आपल्यातलंच आहे” हे उत्तर पावती नव्हे.

मग जोडून असलेलं न्हाणीघर कधी घ्यावंच? माझं मत स्पष्ट आहे. मुलीला पाळीत फार अंगावर जात असेल, पोटाचा जुना विकार असेल, चालताना त्रास असेल, रात्री-अपरात्री उठावं लागत असेल, तर पैशांचा विचार दुसरा. वसतिगृहाचे संडास इमारतीच्या बाहेर किंवा अंगणापलीकडे असतील तरीही जोडून असलेलंच घ्या. आणि दोघींत एक मिळत असेल, गिझर विजेचा असेल, झरोका रस्त्याकडे नसून मोकळ्या बाजूला असेल, परवडतही असेल, तर खुशाल घ्या. सोसण्यात काही पुण्य नाही. पण तिघी-चौघींत एक, धुवायचं मुलींनीच, आणि त्यासाठी आईची बांगडी, हा सौदा मला पटत नाही.

तेव्हा डोंबिवलीच्या ताई, तुम्हाला माझं सांगणं असं. लेकीला समोर बसवून “तुला कॉमन चालेल का?” असं विचारू नका. सोशिक मुलगी ह्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारच. तुम्हीसुद्धा परळच्या चाळीत पहिल्या दिवशी ‘चालेल’च म्हणाला असाल. तिला विचारा, “कॉलेजात तू लघवीला का जात नाहीस?” घाण असतं म्हणून, कडी नसते म्हणून, वर्गातून उठायची लाज वाटते म्हणून, की आई जात नाही म्हणून? आणि आधी तिला तुमचं सांगा. संध्याकाळी सहानंतर पाणी कसं पीत नव्हता, गॅलरीतला दिवा गेल्यावर काय करत होता. हे तुम्ही तिला कधी सांगितलं नसेल. मला तर वाटतं तुमच्या यजमानांनाही सांगितलं नसेल. त्यांच्यादेखत सांगा, म्हणजे अबोलाही सुटेल.

पुण्याला जायला अजून थोडे दिवस आहेत ना? मग आजपासून तिला पाण्याची बाटली भरून द्या आणि संध्याकाळी ती रिकामी आली का ते बघा. क्लासच्या इमारतीतला संडास दिवसातून एकदा तरी वापरायला लावा. घाण असेल तर तिनं स्वतः ऑफिसात जाऊन तसं सांगायचं, तुम्ही जायचं नाही. पहिल्या वेळी तोंड लाल होईल, तिसऱ्या वेळी होणार नाही. पुढं चार वर्षं तिला वॉर्डनला “कडी तुटली आहे” असं सांगायचं आहे, त्याची ही तालीम.

सामानात द्यायच्या वस्तू: झाकणाची बालदी (नाव रंगानं घातलेली, बालद्या फार हरवतात), मग, दोन जोड रबरी सपाता, पटकन वाळणारे दोन पातळ पंचे, साबणाची भोकाची डबी, दोरीची पिशवी म्हणजे कोरडे कपडे खुंटीला टांगता येतील, छोटी बॅटरी, जुन्या वर्तमानपत्रांचे कापलेले तुकडे, लाल पेन, आणि गादीखाली ठेवायला नकोत म्हणून ओले कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. पाळीचे कपडे किंवा कप वापरत असेल तर धुऊन उन्हात वाळवायला जागा कुठं आहे, ते पहिल्याच दिवशी शोधायला सांगा. कपाटामागं, ओलसर जागी लपवून वाळवणं हे सगळ्यांत वाईट.

माझा कौल विचारलात म्हणून सांगते. सकाळी साडेसातला जाऊन बघून या. कड्या, दिवे आणि पाणी ठीक असेल तर पहिलं वर्ष कॉलेजचंच वसतिगृह. तिथं मैत्रिणी होतात, रात्री उशिरा लायब्ररीतून येताना रस्ता ओलांडावा लागत नाही. एक वर्षानं लेक स्वतःच्या तोंडानं “आई, मला जोडून हवं” म्हणाली, तर तेव्हा द्या. तोपर्यंत बांगड्या हातातच राहू देत. लेकीला सोडायला जाताना मोकळे हात बरे दिसत नाहीत.

पाहणीत काय आढळलं आणि लेकीनं तुमच्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, ते मात्र जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात रवा-मैद्यात होणाऱ्या अळ्यांविषयी लिहीन.